सव्वाशे आणि वर एक

हार्लो, केंटकी
१४ सप्टेंबर

प्रिय व्हर्नामावशी,

केसांत लावायचे बो मिळाले. खोकं उघडलं तेव्हा मुलींनी असा गलका केला की शेजारचा टायरवाला धावत आला, आग लागली का म्हणून. निळे-चंदेरी, सगळ्यांच्या शेपट्या एका मापाच्या. पंचवीस मागितले होते, सव्वीस निघाले. तुझी ती जुनी खोड! आई म्हणायची, आमची व्हर्ना डझनाला तेरा मोजते आणि वर विचारते, पुरतील ना?

फोनवर तुला काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी 'केंड्रा' म्हटलं तर तू 'विमा नको' म्हणून फोन आपटलास. तेव्हा इथली हकिगत लिहूनच कळवते.

उन्हाळ्यात आमच्या तीन चांगल्या मुली लेक्सिंग्टनच्या रीजन्सी ह्या बड्या चिअरलीडिंग जिममध्ये गेल्या. दोष तरी कसा देऊ? तिथे तीन-तीन स्प्रिंगच्या मॅट, पोरींच्या घोट्यांना पट्ट्या बांधायला वेगळी बाई, एका भिंतीला नुसते आरसे. आमच्याकडे आईने जुन्या पेंडीच्या दुकानात अंथरलेली एकच मॅट, आणि तिच्या मधोमध छत डोक्यावर घेऊन उभा असलेला खांब. मुलींनी त्याचं नाव अर्ल ठेवलंय. मनोरा रचायचा तर अर्लला वळसा घालून, धावायचं तर अर्लला चुकवून. त्याच्या कमरेला मी आता गादी गुंडाळली आहे, कारण मागच्या आठवड्यात वायलेट त्याला कपाळाने भेटली.

आता खरी गोष्ट. मी पालकांसमोर बोलून बसले आहे. मे महिन्यात फ्लोरिडाला अंतिम स्पर्धा आहे. तिचं बोलावणं आपल्या क्रीकसाइड जिमच्या एकाही टीमला आलं नाही, तर मी जिमला कुलूप लावणार. आई गेल्यापासून चार वर्षं झाली, एकदाही आलेलं नाही. एकटीने पाच टीम शिकवून माझ्या नाकी नऊ आलेत.

आशा एकच, स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा सव्वाशेचा नियम. सव्वाशेपर्यंत खेळाडू असले की जिम लहान, आणि लहानांचा सामना लहानांशी. एक नोव्हेंबरला यादी बंद. आज आम्ही एकशे एकोणीस आहोत, त्यात मोठ्यांच्या टीममधल्या चार आया धरल्या. (टीमला पाच लागतात, ह्या चारच, म्हणून स्पर्धेत उतरत नाहीत, नुसत्या मॅटवर पडून हसतात.) सव्वाशेचा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. रोज सकाळी मोजते, रात्री पुन्हा मोजते.

तुझी, आकडे मोजत बसलेली,
केंड्रा


डेटन, ओहायो
२३ सप्टेंबर

चि. केंड्रास व्हर्नामावशीचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा राग आल्यावर चष्मा काढून.

लहान! लहान म्हणे! माझ्या बहिणीने पेंडीची पोती पाठीवर वाहून ती जागा रिकामी केली. सात मुलींवर सुरुवात केली. आणि आता कुणीतरी मंडळ उठून तुम्हाला लहानांच्या गटात बसवणार, बालवाडीत बसवल्यासारखं? मी एकतीस वर्षं शाळेची बस हाकली. बसमध्ये लहान मुलांना पुढे बसवतात, मोठ्यांना मागे. मागची जागा कुणी देत नसतं, ती घ्यावी लागते.

असो. मी काही बोलत नाही. मी बोलत नाही तेव्हा काय करत असते, हे तुझ्या आईला पक्कं ठाऊक होतं.

सव्वाशेची काळजी तू करू नकोस. खा, झोप, आणि त्या चार आयांना सांग, हसणं पुरे. जिममधल्या सगळ्यांसाठी बो करायला घेते. नोंदणीचा एक कोरा अर्ज पण पाठव. पाहायचाय मला, कसा असतो ते.

तुझी मावशी
(मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे तुमच्या त्या मंडळाला सांग माझ्याकडून)


हार्लो
२६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

उशीर झाला, माफ कर. तू मागितलेला अर्ज पाठवला होता ना मी मागे? मिळाला असेलच. तुला कशाला हवा होता देव जाणे, तुझ्या चर्चमधल्या कुणाच्या नातीसाठी असेल.

इथे चमत्कार चाललेत! आमच्याकडे महिनाभर कुणी फिरकत नाही, आणि ह्या महिन्यात दार वाजायचं थांबत नाहीये. आधी कट्स फोर्कच्या स्लोनांची जुळी आली. मग पोस्टातल्या बाईची भाची. मग एक गृहस्थ सरळ ट्रकमधून उतरून म्हणाले, "मुलीला चिअरलीडिंगमध्ये घाला." मी विचारलं, मुलीला आवडतं का? तर म्हणाले, "ते मला ठाऊक नाही बाई, मला आत्याने फोन करून सांगितलंय, घाल म्हणजे घाल." कोण ही आत्या? काही कळेना. पोरगी मात्र रबराची आहे, पहिल्याच दिवशी अर्लवरून उडी मारायला निघाली.

परवा सकाळी ट्विलाने मोजलं. (ट्विला म्हणजे आपली ऑफिस सांभाळणारी, चार आयांतली सगळ्यांत मोठ्याने हसणारी.) बरोब्बर सव्वाशे! एक कमी नाही, एक जास्त नाही. मी दारावर पाटी लावली, 'जागा भरल्या'. आयुष्यात पहिल्यांदा अशी पाटी लावली गं! लावली, लांब जाऊन पाहिली, जवळ येऊन पाहिली. सव्वाशे मुलं असलेली लहान जिम म्हणजे लहानांतली सगळ्यांत मोठी. मार्चमध्ये लुइव्हिलच्या स्पर्धेत लहानांच्या गटात आमच्या ज्युनिअर मुलींपुढे कोण टिकतंय बघू.

तुझी, जमिनीपासून चार बोटं वर चालणारी,
केंड्रा


डेटन
२७ ऑक्टोबर

चि. केंड्रास,

तुझ्या पत्राची वाट न बघता खोकं पाठवते. त्यात सव्वाशे बो आहेत आणि नेहमीप्रमाणे वर एक. माझ्या बोटांना गरम डिंकाने इतके चटके बसलेत की आता पोलिसांनी ठसे घेतले तर कुणाचेच निघायचे नाहीत.

आता सांगते, मी काय करत होते. सेनेटरच्या निवडणुकीतसुद्धा कुणी केले नसतील एवढे फोन मी केले. माझी ऐकण्याची बाजू कच्ची आहे, बोलण्याची नाही. कट्स फोर्क, लिक ब्रँच, ओल्ड मिल रोड, जिथे जिथे आपलं नातं पोचतं तिथे तिथे मी पोचले. समोरचा काय म्हणतोय ते ऐकूच येत नसल्याने 'नाही' कुणाचंच ऐकलं नाही. उंटावरून शेळ्या हाकते म्हणून तुझी आई मला चिडवायची. हाकल्या बघ, डेटनहून हार्लोपर्यंत.

पण अगदी शेवटच्या दिवशी कुणी गळालं तर? कुणाला गोवर आला तर? मी तुला कमी पडू देणार नाही. म्हणून अर्ज मीच भरला आहे. स्वतःच्या नावाने. व्हर्ना जे. कॉडिल, वय एकाहत्तर, मोठ्यांची टीम. 'पूर्वानुभव' ह्या रकान्यात 'बस' लिहिलंय.

बघू आता कोण तुला लहान म्हणतं!

तुझी मावशी


हार्लो
४ नोव्हेंबर

मावशी!

मावशी, मावशी, मावशी!

तीनदा फोन केला. दोनदा तू विमा नाकारलास आणि तिसऱ्यांदा मला चर्चसाठी केक कधी आणतेस म्हणून विचारलंस. म्हणून लिहिते, आणि दात आवळून लिहिते.

लहान असणं ही शिवी नाही गं! लहान असणं हीच तर सोय होती! सव्वाशेपर्यंत लहानांशी लहान. सव्वाशेच्या वर एक जरी गेला, एक, की जिम मोठी, आणि गाठ थेट रीजन्सीसारख्यांशी. त्यांच्याकडे सहाशे खेळाडू आहेत. त्यांच्या एका टीमला नुसत्या राखीव मुली आमच्या टीमएवढ्या असतात. मला सव्वाशेच्या आत राहायचं होतं, सव्वाशे ओलांडायचं नव्हतं!

तुझं खोकं एकतीस तारखेला आलं. मी लहानग्यांना कोलांटउड्या शिकवत होते. ट्विलाने खोकं उघडलं, वर अर्ज दिसला, तिला वाटलं, वा, केंड्राने आम्हाला पाचवी बाई शोधून दिली! आता आमचीही टीम उतरणार! आनंदाच्या भरात तिने तुला मंडळाच्या यादीत घातलं आणि लगेच तिघींना फोन केले. चौघी मिळून नाचत आल्या. मी पण नाचले, मावशी. कशासाठी नाचतोय हे न विचारता दोन मिनिटं नाचले. मग विचारलं.

यादीत एकदा चढलेलं नाव काढता येत नाही, आणि एक तारखेला ती बंद झाली. व्हर्ना जे. कॉडिल, एकशे सव्विसावी.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. तुझा 'वर एक' बो माझ्या टेबलावर पडलाय आणि माझ्याकडे बघून हसतोय.

केंड्रा


डेटन
९ नोव्हेंबर

चि. केंड्रा,

तुझं पत्र वाचलं आणि गरम पाण्यात भिजत घातलेले पाय तसेच ठेवून बसले. पाणी गार झालं तरी कळलं नाही.

माझं चुकलं. एकाहत्तर वर्षांत हे वाक्य मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन वेळी लग्नाचा संबंध होता.

मी 'लहान' हा एक शब्द वाचला आणि पुढचं माझ्या मनाने वाचलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, व्हर्ना, बस सुरू करण्याआधी रस्ता कुठे जातो ते बघत जा.

उपाय सुचतोय. मंडळाला कळव की व्हर्ना कॉडिल वारली. मी दोन-तीन महिने कुणाला तोंड दाखवणार नाही. चर्चमधल्या बायकांनाही सांगून ठेवते.

तुझी (अजून तरी जिवंत) मावशी


हार्लो
१५ नोव्हेंबर

मावशी,

विचारलं. खरंच विचारलं! मंडळातल्या बाईंना म्हटलं, समजा एखादा खेळाडू वारला तर? त्या शांतपणे म्हणाल्या, "यादी बंद झाली त्या दिवशी होते ना? मग मोजले जाणार. वय विचारात घेत नाही आम्ही, खेळाडू तो खेळाडू." फोन ठेवला आणि ट्विला आणि मी जमिनीवर बसून पोट धरून हसलो. रडायचं होतं, पण हसूच येत राहिलं.

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगते. तू आधी सांगितलंस, आता माझी पाळी. ऑगस्टमध्ये रीजन्सीच्या ब्रँडीचं पत्र आलंय. ब्रँडी आठवते ना? शाळेत माझ्या खांद्यावर उभी राहायची ती. मला नोकरी देतेय, एकच टीम शिकवायची, शनिवार-रविवार मोकळा. पत्र मी खणात ठेवलंय. वाईट बाई नाही गं ती. जिमला कुलूप लावीन म्हणाले तेव्हा माझ्या मनात ते पत्र होतं. आईच्या जागेबद्दल असं बोलताना कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. म्हणून तुला लिहिलं नाही.

असू दे. मार्चमध्ये जे होईल ते होईल. मोठ्यांत तर मोठ्यांत. रीजन्सीच्या मुली अवघड गोष्टी करतात आणि कधी कधी पडतात. आम्ही फक्त जमणारं करणार आणि पडणार नाही. लहान जिमचं भांडवल एवढंच, न पडणं.

पण तू सुटली नाहीस. यादीत आहेस ना, मग उतर मॅटवर! चार आयांना पाचवी मिळाली आहे, ती त्या सोडायला तयार नाहीत. जानेवारीत इकडे ये. तोवर पहिल्या पातळीची साधी कोलांटउडी शीक. डॉक्टरला विचारून.

तुझी भाची


डेटन
८ डिसेंबर

चि. केंड्रा,

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तुमची हाडं माझ्यापेक्षा चांगली आहेत, पण शेजारी कुणीतरी असू द्या. म्हणून चर्चच्या तळघरात, गाद्यांवर, आठ बायकांच्या देखरेखीखाली सराव चाललाय. दोघी मान सांभाळतात, दोघी स्कर्ट. बाकीच्या चौघी सूप बीन्स, म्हणजे घेवड्याचं सूप, ढवळत सल्ले देतात.

पहिल्या दिवशी मी वाकले आणि तिथेच अडकले. चौथ्या दिवशी गेले, पण कडेला. काल सरळ गेले! डोकं खाली, पाय वर, आणि क्षणभर तळघराचं छत माझ्या पायाखाली. उठून बसले तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि घेवडा करपला होता.

केंड्रा, लाजत लाजत सांगते. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

एक जानेवारीला येते. अर्लला सांग, मावशी येतेय.

व्हर्ना


डेटन
४ मार्च

चि. केंड्रा,

लुइव्हिलहून न सांगता निघून आले ते रागावून नाही. रस्त्यावर बर्फ होणार म्हणून मला न्यायला आलेल्या शेजारच्या डॉनीला निघायचं होतं, आणि मी गाडीत जाऊन बसले. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटली.

तुझ्या ज्युनिअर मुली दुसऱ्या आल्याचं मी पाहिलं. बोलावणं फक्त पहिल्याला. माझ्यामुळे! लहानांच्या गटात असत्या तर पहिल्या आल्या असत्या, डोळे मिटून. त्या सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, वायलेटच्या डोक्यावरचा माझा बो तिरका झाला होता, आणि मला तो सरळ करायलाही जवळ जाववेना.

मग आमची पाळी. नियम म्हणून चष्मा काढून घेतला. चष्म्याशिवाय मला समोरच्या पाच हजार लोकांचं एक भलं मोठं लापशीचं भांडं दिसत होतं. कोलांटउडी मारली, बरी झाली. उठले. दोन महिने तुझ्याकडे मी उठल्यावर काय करते? अर्लच्या कमरेवर हात टेकते, श्वास घेते, मग ट्विलाच्या मागे जाऊन उभी राहते. तसाच हात टाकला. आणि लुइव्हिलमध्ये अर्ल नव्हता.

गेले ना मी पुन्हा पालथी! जगासमोर पडले. न पडणं हेच आपलं भांडवल, असं तूच लिहिलं होतंस. ते मी बुडवलं. निकालाला थांबण्यात अर्थ नव्हता.

ब्रँडीकडे जा, बाळा. खरंच जा. शनिवार-रविवार झोप काढ. तुझी आई काही म्हणणार नाही, मी तिची समजूत घालीन. माझी भेट आता लवकरच व्हायची तिच्याशी.

ह्या वेळी बो नाहीत. नुसतं पत्र.

व्हर्नामावशी


हार्लो
८ मार्च

माझी वेडी मावशी,

ह्या वेळी खोकं उलटं येतंय, हार्लोहून डेटनला. आधी पत्र वाच, मग आतली चपटी वस्तू उघड. उलटं केलंस तर बघ! चारही आयांकडून शपथ घेतली आहे, तुला कुणी फोन करायचा नाही. नाहीतरी तू विमाच नाकारला असतास.

तुला काहीच दिसलं नाही, म्हणून मी सांगते काय झालं ते.

आधी मुली. त्या कुणामध्ये दुसऱ्या आल्या ते पाहिलंस? रीजन्सीच्या दोन टीम होत्या, आपण त्या दोघींच्या मधे! सहाशेंच्या जिमची एक टीम आपल्या खाली होती, मावशी! आणि कशामुळे माहीत आहे? अर्लमुळे. आपल्या पोरी त्या मोकळ्या मॅटवरसुद्धा मधली जागा सोडून धावल्या, नसलेल्या खांबाला वळसा घालून मनोरा रचला. मी पुढे बसून कपाळ बडवत होते. गुणपत्रिकेवर परीक्षकांनी काय लिहावं? 'रिकाम्या मध्यभागाचा वापर अत्यंत कल्पक.' ब्रँडी धावत आली, "ही कुणाची कल्पना?" मी म्हटलं, अर्लची. ती म्हणाली, "कोण हा अर्ल? त्याला मी आजच्या आज नोकरीवर घेते!"

मुली रडल्या, खरं आहे. वीस मिनिटं. मग आपल्या आया मॅटवर आल्या आणि पोरींनी जो आरडाओरडा सुरू केला, तो तुला ऐकू आला नाही म्हणजे तुझे कान खरंच गेलेत.

तुमच्या गटात टीम किती होत्या? एक. तुम्हीच. संपूर्ण केंटकीत पहिल्या पातळीवर उतरायला दुसऱ्या पाच मोठ्या बायका मिळाल्या नाहीत. पण एकट्या असलात तरी बोलावण्याला पंच्याऐंशी गुण लागतात, आणि पडझडीचे गुण कापले जातात. तू कोलांटउडी मारलीस, उठलीस, हवेत हात टाकलास, आणि मावशी, तू पडली नाहीस! तू पुढे गेलीस, डोकं आत घेतलंस (तळघरातल्या बायकांनी दीड महिना तुझी मान सांभाळली ती वाया गेली नाही), गोल फिरलीस आणि बसलीस. मग हात वर केलास. तू बहुतेक मदत मागत होतीस, पण परीक्षकांना ती शेवटची पोझ वाटली. पत्रिकेवर लिहिलंय, 'सलग दोन कोलांटउड्या, आत्मविश्वासपूर्ण.' कापलेले गुण शून्य. एकूण पंच्याऐंशी पूर्णांक चार.

ट्विलाने विचारलं, व्हर्ना कुठाय? तू गेली होतीस. चौघी बक्षीस घ्यायला गेल्या आणि पाचव्या जागेवर त्यांनी तुझा तो 'वर एक' बो ठेवला. जमिनीवर, मॅटच्या मधोमध. आपल्या सगळ्या पोरी रांगेने उभ्या राहून त्या बोसाठी ओरडत होत्या. मी जी रडायला लागले ती ब्रँडीच्या रुमालापर्यंत पोचले.

आता चपटी वस्तू उघड. फ्लोरिडाचं बोलावणं आहे. क्रीकसाइड, मोठ्यांची टीम. मी काय बोलून बसले होते? 'एकाही टीमला आलं नाही तर.' टीम कुठली, वय किती, हे मी बोलले नव्हते. पालकांनी माझा शब्द मला ऐकवला आणि कुलपाची किल्ली ट्विलाने स्वतःच्या गळ्यात अडकवली आहे. मुली म्हणतात, आम्ही ओरडायला येणार, सगळ्याच्या सगळ्या.

आणि खरं सांगू? किल्ली गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ह्या वेळी लाज वाटली नाही.

ब्रँडीला तोंडावरच नाही म्हणून सांगितलं. तिचं पत्र खोक्याच्या कोपऱ्यात सापडेल. त्याचा बोळा करून भरलाय, बो चेपू नये म्हणून. हो, तुझा बो पाठवतेय. तुझाच आहे तो. मे महिन्यात घालून ये.

तुझी, आईच्या पेंडीच्या दुकानातली,
केंड्रा


डेटन
१४ मार्च

चि. केंड्रास अनेक आशीर्वाद.

आधी पत्र वाचलं, मग वस्तू उघडली. मग तळघरात जाऊन आठही बायकांना गोळा केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. दोन कोलांटउड्यांपाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. असं चार वेळा. सूप बीन्स आजही करपले.

घरी आल्यावर तो बोळा सरळ करून वाचला. चांगली नोकरी होती गं. दातांच्या डॉक्टरचा खर्चसुद्धा धरला होता त्यात. खूप वेळ तो कागद हातात घेऊन बसले आणि तुझ्या आईला सांगितलं, ग्लेना, तुझी पोरगी वेडी आहे, आपल्यावरच गेली आहे. मग रडले, आणि पुन्हा बोळा केला. ह्या खोक्याच्या कोपऱ्यात तोच भरलाय. उपयोगी वस्तू आहे, परत पाठव.

माझा बो माझ्या डोक्यावर आहे. काल तो घालून वाण्याकडे गेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर दुसरी कोलांटउडी तिथेच दाखवली असती.

फ्लोरिडासाठी नवीन केलेत, पिवळे. तुम्हा सगळ्यांचे सव्वाशे, मोजून. आणि वर एक. नाही, तो माझा नाही, माझा मी वेगळा करून ठेवलाय. हा वरचा कुणाच्या डोक्यावर घालायचा ते तू ठरव. अर्ज मात्र, देवाशपथ, मी भरलेला नाही.

फक्त अर्लच्या मापाचा थोडा मोठा केलाय.

तुझी मावशी,
व्हर्ना जे. कॉडिल, खेळाडू